न घेतलेलं नाव

आंब्याची अढी उघडली, की गवताचा गोड वास घरभर पसरतो आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची ती दुपार आठवते. हे कलमावरून पडले होते. डोकं फुटलं नव्हतं, फक्त कानातून रक्ताची बारीक धार येत होती. डॉक्टरला आणायला माणूस मालवणला धावला.

मामंजी म्हणाले, "तेका निजाक दिव नको. नावान हाक मार."

सासऱ्यांसमोर नवऱ्याचं नाव माझ्या तोंडातून फुटेना. "आयकलात काय?" एवढंच मी म्हणत राहिले. यांचे डोळे मिटत गेले.

मेंदूलाच मार होता, हाकेने काही झालं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

आता घरात मी एकटीच. आंबे निवडताना मोठ्याने म्हणते, "दत्ताराम." आणि ओ येईल म्हणून थोडं थांबते.