विहिरीतला बेडूक

आष्टीजवळच्या आमच्या विहिरीतला गाळ उपसायचा असला, की अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी बेडूक बादलीत काढून सावलीत ठेवायचे आणि काम झालं की परत सोडायचे. बेडकांनी पाणी जितं राहतं, असं त्यांचं म्हणणं. मी बारावी सायन्सला होते. जीवशास्त्राच्या सरांनी आपापला बेडूक आणायला सांगितला, आणि मला तर सगळ्यात पुढं मिरवायची हौस.

"पाहून झालं की परत आणते," मी अण्णांना म्हटलं.

"एकच ने. अन् त्याला इजा न्हाई झाली पाह्यजे, बराबर?"

"बिलकुल न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो मेणाच्या ट्रेमध्ये उताणा होता, चारही पायांना टाचण्या. आखूड अन्ननलिका, डावीकडे जठर, पुढं लहान आतड्याची वेटोळी. तपकिरी यकृताखाली हिरवट मण्याएवढं पित्ताशय. मी सगळं अगदी सफाईनं कापलं, याचीच आता लाज वाटते. सर खूश झाले. जठर उघड, म्हणाले. उघडलं, तर आत कपाशीवरची हिरवी अळी, जवळजवळ अख्खी. बेडूक चावत नाही, सरळ गिळतो; पुढचं काम जठरातला आंबट रस करतो. ते काम मी अर्ध्यावर थांबवलं होतं. त्याच अळीसाठी अण्णा त्या आठवड्यात पाठीवर पंप घेऊन फवारत होते. तरी जर्नलमध्ये आकृती मात्र झकास काढली.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "सोडला का गं बेडूक?"

"सोडला की."

पैकीच्या पैकी मार्कांचं ते जर्नल अण्णा येईल त्या पाहुण्याला दाखवत. मी चहाच्या निमित्तानं आत पळायची.

आता मीच जीवशास्त्र शिकवते. बेडूक आम्ही कापत नाही, पडद्यावर दाखवतो. यंदा उन्हाळ्यात गावी गेले, तेव्हा विहिरीवर गाळाचं काम चाललं होतं. अण्णांनी बादली पुढं केली. आत एक मोठा बेडूक.

"वळखला का? तू परत आणून सोडल्ता, त्योच हाये."

बेडूक वीस वर्षं जगत नाही, हे मी दरवर्षी पोरांना सांगते.

"वळखला," मी म्हटलं.

"मंग घे, आताबी तूच सोड."

मी सोडला. खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.