उलटे चालायचे आमचे अप्पा

बँडवाल्यांचं एक असतं बघा. लग्न लोकांचं, घोडा लोकांचा, जेवणसुद्धा लोकांचं. आपल्या वाट्याला उरतात ते फक्त किस्से! आणि ते सांगायला बसावं तर एक संपायच्या आत दुसरा आठवतो. त्यात आमचे बँडमास्तर मन्मथअप्पा गेल्यापासून माझ्या टेलरिंगच्या दुकानात कापड कमी आणि किस्सेच जास्त यायला लागलेत. साधं बटण लावायला आलेला माणूसही लवकर हालत नाही. "दत्ताभाऊ, ते पाटोद्याचं सांगा की!" मग मी मशीन बंद करतो. काय करणार, मलाही सांगितल्याशिवाय करमत नाही.

०

अप्पा धारूरचे लिंगायत वाणी. घरचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. गादीवर बसून आरामात खायचं सोडून या माणसानं बँडातला पितळी कॉर्नेट तोंडाला लावला! पुढं दात पडले तसा कॉर्नेट सुटला, पण बँड काही सुटला नाही. भावाच्या दुकानातला कापड मोजायचा लोखंडी मीटर उचलला आणि तो हलवत बँडपुढं चालायला लागले. भाऊ बोंबलला, "अरे, आता गिऱ्हाइकाला काय हातानं मोजून देऊ?"

अप्पा म्हणाले, "दुकानातनं एवढंच न्हेतोय. बाकी समदं तुला!"

आणि खरंच, बाकी सगळं त्यांनी भावाला देऊन टाकलं.

बाकीचे मास्तर कसे, तोंड पुढं करून ऐटीत चालतात. आधी अप्पाही तसेच चालायचे. मग एका वर्षी काय झालं कोण जाणे, ते उलटे चालायला लागले. तोंड आमच्याकडं, पाठ रस्त्याकडं! कुणी विचारलं, "अप्पा, कावून हो असं?" की उत्तर ठरलेलं: "पुढं काय बघायचंय बे? माझं लगीन झालंय!"

०

आता आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. उलटं चालणारा माणूस पडला नाही तरच नवल. म्हणून आमचं एक ठरलं. मी पहिल्या रांगेत क्लॅरिनेटवर. मागं खड्डा, नाली, म्हैस, काहीही आलं की मी क्लॅरिनेट ज्या बाजूला वळवीन त्या बाजूला अप्पांनी सरकायचं. बघणाऱ्यांना वाटायचं, काय डौलात वाजवतोय गडी! इकडं माझा जीव खड्ड्यात अडकलेला असायचा.

पाटोद्याला एक वरात नेमकी बाजाराच्या दिवशी निघाली. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. रस्त्याच्या कडेला एकजण जिलेबी तळत होता. काय तो वास! माझी मान कधी वळली आणि मानेबरोबर क्लॅरिनेट कधी वळला, मलाच कळलं नाही.

अप्पांचा माझ्यावर पूर्ण विश्वास. मीटर हलवत, एक ठेका न चुकवता ते थेट जिलेबीवाल्याच्या पाटावर जाऊन बसले! पाकाचं पातेलं आडवं, जिलेबीवाला उभा, नवरदेव घोड्यावरून वाकून बघतोय.

मला वाटलं, आता मीटर माझ्या पाठीत. अप्पा उठले, धोतराला चिकटलेली जिलेबी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"भूक लागलती तर तोंडानं सांगायचं ना बे!"

०

चकलांब्याला एका पुढाऱ्याच्या पोराचं लग्न होतं. मित्रमंडळी पारापाशी जी नाचायला लागली ती हालेचनात. मुहूर्त टळत चालला. मांडवात नवरीचा बाप हात जोडून उभा. पुढारी ओरडून दमले, पण त्यांचं त्यांच्या घरात तरी कोण ऐकतंय!

अप्पांनी मीटर खाली आणला. आम्ही आवाज उतरवला. पोरं ओरडली, "वाढवा, वाढवा!" अप्पांनी अजून खाली आणला आणि दोन पावलं मागं सरकले. पोरं ऐकायला पुढं आली. अप्पा अजून मागं, आवाज अजून बारीक. पोरं कान देऊन अजून पुढं! गुळामागं मुंग्या याव्यात तशी ती सगळी पलटण अप्पांमागं मांडवाच्या दारात जाऊन उभी राहिली. तोवर आम्ही जवळजवळ नुसते श्वासच घेत होतो.

पुढारी खूश! "अप्पा, तुमी आमच्या पार्टीत या. लई माणसं हालवता!"

"न्हाई बा," अप्पा म्हणाले, "तुमच्यात समदेच मास्तर. मग वाजवायचं कुणी?"

०

हा किस्सा मी दुकानात सहसा सांगत नाही. आज सांगतो.

आमचा ढोलवाला लक्ष्मण. अंगानं पैलवान, मनानं गाय. बोलायचा मात्र इतका मोठ्यानं की शेजारच्या गल्लीतून उत्तर यावं. आम्ही म्हणायचो, ढोलाच्या संगतीत राहून आवाज तसा झालाय.

धारूरलाच एक वरात होती. लक्ष्मणच्या पाठीमागं विजेची डीपी फुटली. असा आवाज, की घोडा उधळला, करवल्या ओट्यांवर चढल्या, मी क्लॅरिनेटसकट नालीत! आणि लक्ष्मण? अप्पांच्या मीटरवर नजर लावून एकटाच ढोल वाजवतोय! चेहऱ्यावर भीती नाही, काही नाही. सगळे कुठं गेले म्हणून मग हळूच इकडंतिकडं बघायला लागला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी अप्पांना बाजूला घेतलं. "अप्पा, लक्ष्मणला ऐकू येत न्हाई."

अप्पांनी बशीतला चहा संपवला.

"तुला येतंय ना?"

"येतंय की."

"मग तू जरा सुरात वाजव!"

विषय संपला. ते उलटं कावून चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुन्हा त्यांना तो प्रश्न कुणी विचारला की मीच मध्ये बोलायचो, "अहो, त्यांचं लगीन झालंय ना!"

०

लगीन झालंय म्हटल्यावर काकूंचं सांगायलाच पाहिजे.

धारूरात वरात कुठलीही असो, अप्पा ती आपल्या गल्लीतून न्यायचेच. वरपक्षाची माणसं वैतागायची. "अप्पा, ह्या गल्लीत आमचं कुणीच न्हाई!"

"माझं हाय ना," अप्पा म्हणायचे.

काकू दारात उभ्या असायच्या. डोक्यावर पदर, हाताला पीठ. आणि तेवढ्या एका दारापुढं अप्पा आमच्याकडं पाठ करायचे. गर्रकन वळून, दाराकडं तोंड करून मीटर हलवायचे. कॉलर ताठ! वय काय, दिसतंय काय, पण रुबाब नवरदेवाचा. इकडं लक्ष्मणला मीटर दिसायचा नाही आणि ढोल हमखास चुकायचा.

काकूंना त्यातलं सगळं कळायचं. दुसऱ्या दिवशी मी दिसलो की म्हणायच्या, "दत्ता, कालबी ढोल चुकला बरं का आमच्या दारात!" आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

०

या उन्हाळ्यात अप्पा थकले. छातीचं दुखणं होतं. बँडच्या खोलीत खुर्चीवर बसून आमची तालीम घ्यायचे. एक दिवस मीटर मांडीवर ठेवून म्हणाले, "माझ्या टायमाला समदे या बे. आन् ढोल चुकला न्हाई पायजे."

मी म्हणालो, "अप्पा, कायबी काय बोलता! आन् आमचं काय? आमी चुकलो तर चालंल?"

"तुमची सवय हाय मला."

आम्ही हसलो. हसताना सगळे एकमेकांची नजर टाळत होतो. लक्ष्मण मात्र अप्पांच्या ओठांकडं बघत होता. त्यानं ते शब्द बरोबर उचलले होते. मान हलवून मोठ्यानं म्हणाला, "न्हाई चुकणार!"

पाऊस सुरू व्हायच्या आत अप्पा गेले.

०

लिंगायतांमध्ये गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. फुलांच्या विमानात बसवून नेतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत विमान ठेवलं, अप्पांना बसवलं, कपाळाला भस्म लावलं. भावानं स्वतः तो मीटर आणून त्यांच्या हातात दिला आणि बोटांना दोऱ्यानं बांधला. तोंड अर्थातच पुढं, रस्त्याकडं. आम्ही युनिफॉर्म घालून ट्रॉलीमागं उभे.

लक्ष्मणनं ढोल गळ्यात घातला आणि अप्पांच्या पाठीकडं बघत राहिला. मग ढोल काढून खाली ठेवला.

"मला दिसत न्हाईत," तो म्हणाला. "चुकंल मी."

मी म्हणालो, "मी हातानं दाखवतो, माझ्याकडं बघ." त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा, पण मानेनंच नाही म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

विधी करायला आलेल्या स्वामींना मी विचारलं, विमान फिरवता येईल का. स्वामी म्हणाले, "असं कुठं असतंय का? माणूस पुढं तोंड करूनच जातो." तेवढ्यात दारातून काकू आल्या. ट्रॉलीला हात लावून त्यांनी अप्पांकडं पोटभर बघून घेतलं.

"स्वामी, फिरवा त्यांला," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात माझ्याकडं तोंड केलं की ढोल चुकतोय. हयातभर चुकलाय. आज नको."

स्वामींनी स्वतःच विमानाला हात घातला. विमान फिरलं. अप्पांचं तोंड आमच्याकडं, पाठ रस्त्याकडं.

लक्ष्मणनं ढोल उचलला, टिपरू वर धरलं. ट्रॅक्टर निघाला. पण सुरू कुणी करायचं? आजवर अप्पांचा मीटर खाली आल्याशिवाय आम्ही कधी फुंकर मारली नव्हती. माझे ओठ क्लॅरिनेटला लागेनात. गल्ली संपली, कापडाचं दुकान मागं पडलं, आम्ही नुसते चाललोय. लक्ष्मणचं टिपरू वरच्या वर.

बाजाराच्या वळणावर ट्रॅक्टरपुढं खड्डा दिसला. मोठा. माझा क्लॅरिनेट आपोआप डावीकडं वळला. रडू आवरत नव्हतं, तरी वळला! पण ट्रॅक्टरवाल्याची पाठ माझ्याकडं, त्याला काय कळणार? चाक खड्ड्यात गेलं, ट्रॉली उसळली, विमान हाललं. अप्पांच्या हातातला मीटर वर गेला आणि खाली आला.

लक्ष्मणनं ढोलावर टिपरू हाणलं. मग दुसरं. मग तिसरं. आणि आमच्याकडं वळून, सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असा ओरडला,

"कावून थांबलाव बे? अप्पानं सुरू केलंय!"