एका चित्राला एकच गिऱ्हाईक

करीमचाचा छाप्याची दुसरी प्रत विकत नसत. छापे विकायला बसलेला माणूस, आणि एका चित्राची एकच प्रत विकणार! यवतमाळच्या हस्तकला मेळाव्यात त्यांच्या शेजारी एकाच टेबलावर मी तीन दिवस काढले आहेत, म्हणून सांगते, असल्या माणसापुढे कपाळ बडवून घेण्यापलीकडे काही उरत नाही.

चाचा मूळचे दिग्रसच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यांसाठी लाकडी ठसे कोरणारे. कापसाच्या गाठीवर मालकाचा मार्का उमटवायचा, तो ठसा यांच्या हातचा. मालक धंद्यातून उठला की चाचा त्याचा ठसा घासून कोरा करत, दुसऱ्या कुणी तो वापरू नये म्हणून. पुढे कापसाचे दिवस फिरले, जिनिंगा एकेक करून बंद पडल्या. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायची. मीच त्यांना म्हटलं, मार्के नकोत तर चित्रं कोरा. काय सुंदर कोरायचे! पण मुलगा नागपूरला त्याच्या पंक्चरच्या दुकानात बसायला बोलावत होता. "मेळाव्यात माल खपला तं मी दिग्रस सोडत नाही," असं त्यांनी मला सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी बाभळीखालची बकरी घाटंजीच्या एका नर्सबाईंनी घेतली. झालं, बाकीच्या प्रती पिशवीत गेल्या. कुणी मागितली की चाचा हात जोडत, "ते बाईचं झालं. दुसरं पाहा."

"अहो, कागद आहे तो, गाठ नाही!" मी ओरडले.

"एकाचा मार्का दुसऱ्याले द्याचा नसते, बाई. कायले खोटं करू?"

शेवटच्या दिवशी नागपूरच्या एक दुकानदारीण बाई आल्या. त्यांना तीच बकरी हवी होती, चाळीस प्रती, आणि पुढे दर महिन्याला. चाचांनी मान हलवली. नर्सबाई त्या दिवशीही मेळाव्यात दिसल्या होत्या आणि चारच्या गाडीने परत जाणार होत्या. मी दुकानदारीण बाईंना चहाला बसवलं आणि रिक्षाने स्टँड गाठला. घाटंजीची गाडी निघतच होती. बकरी आणखी छापली तर चालेल का, असं विचारलं तशा नर्सबाई खिडकीतून हसल्या. "छापा ना, मले काय करायचं हाय!" मी हट्टाने ते माझ्या पर्समधल्या एका जुन्या तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.

धापा टाकत परत आले तर चाचांच्या मांडीवर लाकडाचा भुसा, आणि बकरीचा ठसा तळहातासारखा गुळगुळीत. दुकानदारीण बाई निघून गेल्या होत्या.

"हे काहून केलं?" रागाच्या भरात माझ्याही तोंडी त्यांचीच बोली आली.

"ते बाई लई गळ घालून राह्यली होती. वाटलं, आता मी हो म्हणून टाकतो. म्हणून घासूनच टाकलं."

मी तिकीट त्यांच्यापुढे आपटलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "भली बाई आहे," एवढंच म्हणाले, आणि तोंड फिरवून टेबल आवरायला लागले.

महिन्याभरात ते नागपूरला गेले. मी निरोप द्यायला गेले नाही, इतकी चिडले होते. दोन वर्षांनी तिथेच वारले. आज मीही छापे विकते, मागेल त्याला, मागेल तितके. पोट आहे. पण एकाच चित्राची दुसरी प्रत गुंडाळताना अजूनही आधी त्यांचा राग येतो, आणि मग माझा.