खिळ्याचे बूट अन् गळकं छत

मोटारीतलं घर म्हटलं का तुमच्या डोळ्यापुढे काय आलं, ते मले माहीत हाय. रेशमी पडदे, गुबगुबीत पलंग, एखादा राजा शिकारीले निघाला अन् मागून त्याचा खानसामा चहाचा ट्रे घेऊन येऊन राह्यला. पुसून टाका ते. अन् नकला करणाऱ्यानं लिहिलं म्हणजे हसून हसून पोट दुखन, असंही धरून बसू नका. हसवणं माहा धंदा हाय, कबूल. पण गाडी चिखलात फसली ते पाच दिवस माह्या तोंडून एकच नक्कल निघाली, अन् ती निघाली नसती तं बरं झालं असतं.

आमचं घर म्हणजे लिलावात घेतलेला पलटणीचा जुना ट्रक. मागच्या बाजूले फळ्याची एक खोली उभी केली होती. छताले फळ्या, फळ्यावर जाड कापड ताणलेलं, कापडावर डांबराचा थर. आत एक बाज, एक शेगडी, अन् बाकी जिकडे तिकडे लाल दंतमंजनाचे डबे. हे मंजन दादाचं. दादा म्हणजे गाडीचे मालक, पार देशावरचे, बोलणं पुस्तकातल्यासारखं. वयनी म्हणजे त्यायची बायको, हिंगणघाटची. अन् मी, मास्तरची नक्कल मास्तरसमोर केली म्हणून सातवीतच शाळेबाहेर झालेला. गाव आलं का मी छतावर चढो, नकला करून माणसं जमवो, अन् जमली का दादा खालून मंजनाच्या पुड्या विकत. तवा नवे पैसे सुरू नव्हते झाले, आण्याले पुडी होती.

सगळ्यात चाले ती पलटणीतल्या हवालदाराची नक्कल. तिच्यासाठी मी नाचणगावच्या बाजारातून पलटणीचे जुने बूट घेतले होते, तळाले लोखंडी खिळे ठोकलेले. "लेफ राइट, लेफ राइट, पिछे मूड!" अन् टाच रोवून गर्रकन फिरलो का खाली शिट्ट्याच शिट्ट्या. केळझरले गणपतीच्या देवळापाशी या नकलेनं असा जम बसला का एक दिवस थांबायचे ते आम्ही चार दिवस थांबलो. वयनीले दिवस भरत आले होते. तिले बाळंतपणाले माहेरी पोचवायचं होतं. ती रोज म्हणे, "निघा ना हो आता." दादा म्हणत, "उद्या नक्की." अन् उद्या आला का मी पुन्हा छतावर पिछे मूड.

चौथ्या दिवशी माही टाच कापडात खचकन रुतली. ओढून काढली, अंगठ्यानं डांबर दाबलं, अन् पुढची नक्कल सुरू केली. कोणाले सांगतलं नाई. सांगायसारखं काय होतं त्यात?

पाचव्या दिवशी निघालो अन् अर्ध्या वाटेत पावसाची झड लागली. पुढे वेणा नदीले पूर, मागे नाल्याले पूर, अन् दोघाच्या मधात काळ्या मातीत आमची गाडी फसली. मागची चाकं अर्धी जमिनीत. तिथंच वयनी बाळंत झाली. जवळच्या वावराची राखण करणारी एक म्हातारी धावत आली म्हणून निभलं. पोरगी झाली. म्हातारीच्या झोपडीत घोट्याइतकं पाणी भरलं होतं, तवा तीच आमच्यात राहाले आली.

गाडी फसल्याच्या दुसऱ्या दिवशी बाजेवर टपकन थेंब पडला. म्हातारीनं वर पाह्यलं.

"गाडी गयते व माय."

दादाले वाटलं म्हातारी हिंदीत 'गई' म्हणाली. "गेली? कुठं गेली? अहो आजी, इंचभर हलत नाहीये गाडी!"

"गेली नाई रे बाप्पा, गयते! पानी गयते!"

'गळते'चं 'गयते'! वयनी हसली, मी हसलो. तेवढंच हसणं. सांजेपर्यंत थेंबाची धार झाली.

बाज इकडे सरकवली, तिकडे सरकवली. खोली केवढी, तं पाच पावलाची. गाडी मागून खचलेली, म्हणून सारं पाणी मागच्या अंगाले येई, अन् बाज मावे तीही तिथंच. ड्रायव्हरच्या जागी लेकरू नेवाव, तं तिथं दाराले काचाच नाई. बाजेखाली शेगडी ठेवून बाळंतिणीले अन् लेकराले शेक द्यावा लागते. पण निखारे फुलले का वरून थेंब पडे, फस्स् करून धूर होई अन् पोरगी खोकले. एवढीशी ती, मुठीत मावन एवढं डोकं, अन् खोकली का सारं अंग हाले.

दादा डांबराचा डबा अन् गोणपाटाचे तुकडे घेऊन वर चढले. थेंब जिथं पडे त्याच्या नेमकं वर ठिगळ लावलं. मी आतून सांगायचं, थांबलं का नाई. नाई थांबलं. दुसरं लावलं. नाई थांबलं. ओल्या कापडाले डांबर काई धरेना, हाताले तेवढं धरे. तिसऱ्या दिवशी दादा वरून ओरडले, "भोक इथं नसणार. पाणी दुसरीकडून येऊन इथं उतरतंय. मी पुढपर्यंत सगळं चाचपून बघतो!"

पुढपर्यंत म्हणजे माह्या टाचेपर्यंत.

दादा मले काढून टाकतीन, याची भीती नव्हती एवढी. ते माह्याकडे पाहून काय म्हणतीन, ते पाहाची हिंमत नव्हती. म्हातारी सरपण पाहाले बाहेर गेलती. वयनी तीन दिवसाच्या जागरणानं डोळा लागून पडली होती. मी तोंडाशी हात नेला अन् वयनीच्या आवाजात बोललो:

"अहो! थांबलं हो गळायचं! उतरा आता खाली!"

हुबेहूब. दादा खुशीत उतराले लागले, अन् ओल्या शिडीवरून पाय सटकला. मनगट मुरगळलं. आत येऊन बसले तं त्यायच्याच मानेवर थेंब पडला.

"अगं, थांबलं म्हणालीस ना?"

वयनी डोळे चोळत म्हणे, "मी? मी कवा बोलली?"

"झोपेत बरळली असशील."

मी शेगडीतल्या राखेकडे पाहत राह्यलो. मनगट सुजून भाकरीएवढं झालं. आता वर चढणारा एकटा मीच होतो.

चौथ्या दिवशी पोरीनं दूध ओढणं सोडलं. वयनी तिले जवळ घे, ओठाले लावे, पोरगी नुसती तोंड फिरवे. रडणंही बारीक झालं, मांजराच्या पिलासारखं. त्या आवाजाची नक्कल मले येते. मी ती कधी करत नाई.

पाचव्या दिवशी सकाळी म्हातारीनं पोरीचे तळवे हातात घेतले. "थंडं पडून राह्यलं व लेकरू. याले कोरडा शेक पायजे, दिवसभर. आज कोरडं नाई झालं, तं मी काई सांगत नाई."

दादानं तिच्याकडे पाह्यलं, मग छताकडे, मग माह्याकडे. "काहीतरी कर रे बाबा," म्हणे. हात जोडले नाई एवढंच. एकच हात धड होता.

मी वर चढलो. पाऊस तोंडावर चाबकासारखा. आता खरं सांगाव, का गुपचूप दुरुस्त कराव? माह्यासारख्यानं जे केलं असतं तेच केलं. गुपचूप. पण पुढच्या अंगाले पालथा पडून चाचपलं, तं टाचेचं भोक एक नाई, किती तरी. चार दिवसाचे पिछे मूड! काही नुसते चट्टे, काही आरपार. पाणी कापडाखाली शिरून फळीफळीनं मागे जाऊन राह्यलं होतं. यातून बाजेवर येते ते कोणतं? सगळी बुजवाले डांबर पुरत नव्हतं.

तवा मले अक्कल सुचली. मंजनाचा डबा वर आणला. एकेका चट्ट्यावर चिमूट चिमूट लाल मंजन टाकत गेलो. जे भोक आरपार, त्यातून लाल पाणी उतरन, मग मी मागच्या फटीतून डोकावून पाहीन. पहिल्यावर काई नाई. दुसऱ्यावर नाई. तिसऱ्यावर मंजन गर्रकन फिरलं अन् आत गडप झालं. मी खुशीत आणखी मूठभर ओतलं.

खालून वयनीची किंकाळी आली. तशी किंकाळी मी कधी ऐकली नाई.

"रगत! अहो, पोरीच्या तोंडातून रगत!"

अन् दादाचा आवाज: "वरून पडतंय! पोरगा मेला वर! अरे पोरगा मेला!"

मी उठावं कसं, आधी हेच सुचेना. दादा एका हातानं शिडी चढून वर आले. चेहरा पांढराफटक. पाह्यलं तं मी पालथा पडलेला, हातात मंजनाचा डबा, कोपरापर्यंत लाल.

"तू... तू दात घासतोयस का रे इथं?"

मले रडू आलं. रडता रडताच टाचेची भोकं दाखवली. एक, दोन, अन् पुढची. "बुटाची हायेत दादा. पिछे मूडची. केळझरपासूनची. अन् परवा वयनीचा आवाज मीच काढला होता." दादा गुडघ्यावर बसले. एका भोकात बोट घालून पाह्यलं. मग फक्त म्हणे, "खाली जा. धंद्याचा पडदा आण."

तो पडदा म्हणजे आमची जाहिरात, चादरीएवढ्या मेणकापडावर हसरे बत्तीस दात काढलेले. दादानं धड हातानं अन् काठीनं तो माह्या डोक्यावर धरला. म्हातारीनं घमेल्यात निखारे दिले. घमेलं कापडाच्या जवळ धरून मी भोकाभोवतीची जागा सुकवली, फुंकून फुंकून गाल दुखाले लागले. गादी उसवून कापूस काढला, गरम डांबरात बुडवला, अन् काडीनं भोकात ठासला. वरून चाकाच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, त्यावर पुन्हा डांबर. बोटं भाजली. मंजन टाकून पुन्हा पाहो, कुठून लाल जाते. आता खालून वयनीच सांगे, तिच्या खऱ्या आवाजात: "अजून येते. अजून येते. लाल येते." पाच भोकं निघाली. पाचवं बुजलं तवा खालून बराच वेळ आवाजच आला नाई. मग म्हातारी बोलली, "राह्यलं वाटते."

बाजेखाली निखारे फुलले. फस्स् झालं नाई. दादा बत्तीस दात डोक्यावर घेऊन तसेच पावसात बसून होते.

शेक सुरू झाला. एक घटका गेली, दुसरी गेली. म्हातारी मधून मधून पोरीचे तळवे हातात घे अन् मान हलवे. मी दारात उकिडवा बसलो होतो. दिवस कलला तवा एकदम चुक् चुक् असा आवाज आला. पोरगी दूध ओढून राह्यली होती. म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली. दादा भिंतीकडे तोंड करून उभे राह्यले.

पोरगी पोटभर प्यायली, झोपली. वयनीनं तिच्या कपाळावरचं लाल पुसलं, तिले नीट गुंडाळलं, अन् मग माह्याकडे वळली.

"इकडे ये. बूट कुठी हायेत?"

"नाल्यात फेकले."

"खोटं."

"गाडीखाली हायेत."

"चार दिवस!" ती हळू आवाजात बोलत होती, पोरगी उठू नये म्हणून. म्हणून जास्तच लागत होतं. "चार दिवस लेकरावर पाणी पडून राह्यलं, अन् तुले ठाऊक होतं कुठून येते ते! तोंडात मंजन भरलं होतं का? अन् वरून माहा आवाज काढला? माहा? मी झोपली होती रे मेल्या, भरवशानं झोपली होती, का वर हिचा बाप हाय अन् खाली तू हायेस. केळझरले मी रोज म्हणत होती, निघा, निघा. तवा नाई काढला कोणी माहा आवाज! तवा चढला असता छतावर अन् माह्या आवाजात ओरडला असता, निघा म्हणून, तं माहेरी बाळंत झाली असती मी! अन् तुम्ही काऊन भिंतीकडे पाहून राह्यले हो, तुम्हालेही बोलून राह्यली मी! अन् तू रे, मी बोलून राह्यली तं माह्यासारखे ओठ काऊन हालवतं? मीट ते ओठ! मीट म्हटलं ना!"