निम्म्या ताकदीची गोळी

औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं गल्ल्याआड उभ्या राहिलेल्या त्या माणसाला गल्लीतले लोक 'अर्धे डॉक्टर' म्हणायचे, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. अर्ध्या डॉक्टरला फी नसते, म्हणून त्याचं म्हणणं लोकांना लगेच पटतं. तो बोलायचा कमी, पण बोलला की काळ्या दगडावरची रेघ. "गोळी घेतली ना? मग तासाभरात उतरायलाच हवं. उतरत नसेल तर ते दुखणं नाही, काळजी आहे." गिऱ्हाईक खजील होऊन घरी जायचं.

घरी त्याची थोरली बहीण होती. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, दोन ट्रंका आणि कुरकुरणारे दोन गुडघे घेऊन. भाऊ तिला दुकानातून पिवळ्या पाकिटातली, चिठ्ठीशिवाय मिळणारी दुखण्यावरची साधी गोळी आणून द्यायचा. अख्खी पट्टी नाही हं. गिऱ्हाइकांना दोन-दोन गोळ्या कात्रीने कापून दिल्यावर उरलेले तुकडे. ताई ते एका पत्र्याच्या डबीत जपून ठेवायची.

आठ महिन्यांपूर्वी ताई म्हणाली, "ही गोळी हल्ली लागू पडत नाही रे."

"गोळी तीच आहे, ताई."

"असेल. पण गुडघा ऐकत नाही."

"गुडघ्याला कान कुठे असतात? तुझं सगळं मनात आहे. कशात तरी जीव रमव."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने तेच बायकोसमोर सांगितलं, मग चहाला आलेल्या शेजारणीसमोर सांगितलं. ताई जिन्यात थांबली की बायको खालून म्हणायची, "वन्सं, आधी मन उचला, पाय आपोआप उचलेल." तिला तरी काय बोल लावायचा? प्रत्यक्ष अर्ध्या डॉक्टरांचं निदान होतं ते. ताईने महिनाभर तक्रार केली, मग कमी केली, मग बंदच केली. विचारलं की म्हणायची, "छान आहे." भावाला वाटलं, आपली मात्रा लागू पडली.

मग एका मंगळवारी दुकानात कंपनीचं पत्र आलं. पिवळ्या पाकिटातल्या गोळ्यांची एक बॅच बाजारातून परत मागवली होती. तपासणीत गोळीत लिहिल्याच्या निम्मंही औषध सापडलं नव्हतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'यापासून कोणताही अपाय नाही.' अपाय नाही म्हणे. खडू खाल्ल्यानेही माणूस मरत नाही.

त्याने बॅचचा नंबर ताडून पाहिला. आठ महिने दुकानात तोच माल होता.

"खोक्यात भरा आणि पाठवून द्या," मालक म्हणाले.

"गिऱ्हाइकांना सांगायचं ना?"

"कुणाकुणाला सांगणार? तुमच्या तुकड्यांवर नंबर असतो का?"

नसायचा. नंबर पट्टीच्या एका टोकाला छापलेला असतो आणि ते टोक शेवटपर्यंत राखायचं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण एकतीस वर्षं कात्री हाताला येईल तशी चालली होती. नंबरचं टोक कुणाच्या तरी खिशातून निघून जायचं आणि मागे बिननंबरचे तुकडे उरायचे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानातून एक नवी पट्टी, त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या बॅचची, पूर्ण ताकदीची, खिशात घालून तो दुपारीच घरी आला. बायकोलाही मुद्दाम बोलावून घेतलं. जे चारचौघांत बोललो ते एकांतात मागे घेण्यात अर्थ नव्हता.

"ताई, माझं चुकलं. गोळीतच दम नव्हता. तुझं दुखणं खरं होतं."

ताई त्याच्याकडे मायेने बघून हसली. "मला बरं वाटावं म्हणून सांगतोस."

"पत्र आलंय गं कंपनीचं. त्या नंबरच्या सगळ्या गोळ्या कमी ताकदीच्या निघाल्या."

ताईने डबी उघडली, एकेक तुकडा उलटून बघितला. "माझ्या गोळ्यांवर कुठे नंबर आहे?"

"नाही. पण आजवर दुसरा माल नव्हताच दुकानात."

"जाऊ दे रे. तूच समजावलंस ना, मनाचं आहे म्हणून? मला पटलंय ते. एकतीस वर्षं तू त्या दुकानात आहेस, तुला कळणार नाही तर कुणाला? उगाच सगळ्यांना त्रास दिला मी."

बायको मान खाली घालून उभी राहिली. त्याने नवी पट्टी फोडून गोळी पुढे केली. ताईने ती मुकाट्याने गिळली, वर पेलाभर पाणी प्यायली. तासाभराने त्याने विचारलं, "उतरलं का?"

"उतरलं ना. छान आहे."

कित्येक महिने हेच ऐकत होता तो. गोळी लागू पडली की नाही, ते आता त्याला कुणी सांगणार नव्हतं.

"अगदी खरं सांग, ताई."

"अरे, खरंच छान आहे," ताई म्हणाली, आणि त्याचं मन राखायला उठून दारापर्यंत भरभर चालूनही दाखवलं.