आवाजातली कवडी

गेल्या तीस-चाळीस वर्षांत पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंत ज्याने ज्याने चारचौघांसमोर तोंड उघडून गाणं म्हटलं, त्या प्रत्येकाची प्रत आमच्या व्याह्यांनी लावलेली आहे. यात लग्नातले बँडवाले आले, गणपतीतले ऑर्केस्ट्रे आले, सप्ताहातली भजनी मंडळं आली, शाळेच्या गॅदरिंगमधली तिसरी ब आली, आणि माझ्या दुर्दैवाने मीही आलो. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. अख्खं पाचोरा त्यांना नाना म्हणतं म्हणून मीही नानाच म्हणतो. ते एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे ग्रेडर होते. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला चिमूटभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं आणि गाडीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या तोंडावर प्रत सांगून टाकायची, हा त्यांचा जन्माचा उद्योग. पुढे नोकरी संपली, पण चिमटीची खोड काही गेली नाही.

गाण्याचं परीक्षण नाना लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितात. कार्यक्रम कोणताही असो, त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत, कर्ण्यापासून दुसरी. खिशात पत्रिका आणि बोटभर पेन्सिल. शेवटचं गाणं संपेपर्यंत उठायचं नाही, मग मागे भरीत-पुरीची पंगत बसून उठली तरी बेहत्तर. आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ते परीक्षण स्वतः गायकाच्या घरी जाऊन हातात द्यायचं. माझ्या जावयाने एकदा सुचवलं की मोबाईलवर पाठवत जा, चपला झिजणार नाहीत. नाना म्हणाले, "जे तोंडवर सांगता येत नही, ते लिखानं नही." त्यामुळे पाचोऱ्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नानांची पांढरी टोपी गल्लीत दिसली, की बँडवाले मागच्या दाराने शेतात जात असत म्हणतात.

परीक्षणाची भाषा मात्र सगळी जिनिंगमधली. एका बँडला त्यांनी लिहून दिलं होतं, 'क्लॅरिनेट पांढरी, धागा लांब. ढोलात सरकी फार.' डीजेच्या भिंतीसमोर पाऊण तास छातीवर हात ठेवून उभे राहिले आणि लिहिलं, 'माल दिसला नाही. फक्त गाडीचा आवाज आला.' टीव्हीवरच्या स्पर्धेत गाजलेला एक गायक जळगावला आला, तेव्हा नाना पहाटेच्या गाडीने जाऊन त्याच्या हॉटेलाच्या पायरीवर उभे. चिठ्ठीत मजकूर असा: 'धागा लांब होता, पण पिंजून पिंजून तोडला. निवेदक ओला.' त्या बिचाऱ्याने न वाचताच तिच्यावर झोकदार सही केली, नानांच्या गालाला गाल लावून फोटो काढला आणि चिठ्ठी परत देऊन गाडीत बसला. तो अपमान नाना अजून विसरलेले नाहीत. "प्रत लावेल चिठ्ठीवर मालवाला सही करस का कधी?" असं ते आजही भेटेल त्याला विचारतात. त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी म्हणजे 'बरं'. ती आजवर तीन-चार जणांनाच मिळाली आहे आणि त्यातले एक पहाटे दारावर येणारे वासुदेव होते.

आता माझं सांगतो. मी धुळ्यात देवपूरला राहतो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत कराओकेच्या नादाला लागलो. आमचं मंडळ आहे, सगळे पेन्शनर, कुणाला बीपी, कुणाला साखर, आणि सगळ्यांना सूर. दर चार-सहा महिन्यांनी हॉल घेऊन आम्ही जुनी गाणी म्हणतो आणि एकमेकांच्या बायका टाळ्या वाजवतात. एरवी व्याह्याच्या घरची आमटी आळणी असली तरी लोक वाटीभर मागून घेतात. आमचे व्याही निराळे. माझ्या पहिल्याच कार्यक्रमानंतर त्यांनी हातात ठेवलेलं परीक्षण असं होतं: 'ट्रॅक उत्तम. सर त्याच्या मागे धावत होते.' दुसऱ्या खेपेला एकच ओळ: 'आवाजात कवडी आहे.' कवडी म्हणजे किडलेला, पिवळा पडलेला कापूस. मूठभर निघाली तरी गाडीभर मालाची प्रत उतरते. मी आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, त्याची ही परतफेड असं आमची ही म्हणते. मी पाच वर्षं गच्चीवर रियाज केला, तिखट सोडलं, कोमट पाणी धरलं. शेजाऱ्यांनी गच्चीवरचे पापड आत नेले, तेही सोसलं. मला पदक नको होतं. नानांच्या हातचं एक 'बरं' हवं होतं. पण दर खेपेला कवडी.

आणि गेल्या हिवाळ्यात चमत्कार झाला. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी पत्रिका दिली, तिच्यावर लिहिलेलं: 'उत्तम. धागा लांब. पांढरा शुभ्र. कवडी नाही.' मी 'बरं' मागत होतो, हे तर त्याच्याही पुढचं झालं. मी गल्लीत पेढे वाटले. पत्रिका शर्टाच्या खिशात घालून तीन दिवस सगळं धुळं हिंडलो. चौथ्या दिवशी मंडळातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी कार्यक्रमाचं चित्रीकरण पाठवलं. आम्ही दोघं बघायला बसलो. दुसऱ्या कडव्याच्या जागी मी पहिलंच कडवं पुन्हा म्हटलं होतं, तेही ट्रॅकच्या पुढे, आणि शेवटची तान वाटेत कुठेतरी राहून गेली होती. हिने चित्रीकरण थांबवलं. मग म्हणाली, "अहो, नानांनी हे ऐकलं ना?"

तो पेढा मला तेव्हा कडू लागला. पण गणिताचा मास्तर ताळा घेतल्याशिवाय उत्तर मानत नाही. पुढच्या कार्यक्रमात मी मुद्दाम सगळं गाणं एका पट्टीने खाली म्हटलं. हॉलमधल्या माणसांनी माना खाली घातल्या. पोस्टमास्तर तर पाणी प्यायला बाहेर गेले. नाना पहिल्या रांगेत माझ्या ओठांकडे बघत मान डोलवत होते, आणि त्यांची मान ठेक्याच्या अर्धी मात्रा मागे पडत होती. सकाळी पत्रिका आली: 'उत्तम.'

आता करायचं काय? ज्या माणसाच्या शब्दासाठी मी पाच वर्षं पाणी गरम केलं, त्याचा शब्दच पोकळ होत चालला होता आणि ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आज ना उद्या येणार होतं. मग लोक त्यांना हसले असते आणि मागच्या चाळीस वर्षांच्या प्रतीही खोट्या ठरवल्या असत्या. मला झोप लागेना. मुलीला फोन करावा असं मनात आलं, पण मग तोंडावर सांगण्याबद्दलचं नानांचंच वाक्य आठवलं. पत्रिका खिशात घातली आणि पाचोऱ्याची बस धरली. नाना अंगणात खाट टाकून बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "नाना, ही प्रत चुकली."

त्यांनी पत्रिका माझ्या हातून घेतली. मग दाराकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "जिनिंगना मशीनसनी कान खाई टाकात, सर. एक वरीस व्हयनं. पोऱ्याले सांगू नका."

"मग लिहिता कसं?"

"लोकेसना पाय दखस." त्यांनी माझ्या पायांकडे बघून दाखवलं. " पाय हालनात म्हंजे गानं बरं."

"माझ्या गाण्याला कोणाचे पाय हलले?"

"कोनाच नहीत," नाना म्हणाले. "पन जे माले ऐकूच येत नही, त्याले वाईट कसं म्हनू? कवडी दखायनी नही, तं कवडी शे असं कसं लिखू?"

त्या माणसाशी मी पाच वर्षं मनातल्या मनात भांडत होतो, याची मला त्या खाटेवर बसून लाज वाटली.

त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या जावयाला, शेवटी सांगितलंच, तेही नानांनीच, मला शेजारी बसवून. जळगावला जाऊन कानाचं यंत्र आणलं. आता त्यांना पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, सून दाराआड काय म्हणते तेही येतं आणि त्याबद्दल त्यांची थोडी तक्रार आहे. फक्त गाणं नीट येत नाही. यंत्रातून सगळं पत्र्याचं लागतं म्हणतात. म्हणून कार्यक्रमात ते यंत्र काढून डबीत ठेवतात आणि मी शेजारी बसतो. पत्रिका त्यांची, पेन्सिल त्यांची, कान माझे. मी लिहितो, ते वाचतात, मग माझ्याकडे बघून "सर, तुमनी प्रत नरम शे" म्हणतात, आणि मला खोडून पुन्हा लिहावं लागतं. पोचवायला मात्र तेच जातात.

मागच्या महिन्यात आमच्या मंडळाचा कार्यक्रम झाला. नाना देवपूरला आमच्याकडेच उतरले होते. मी गाऊन खाली आलो आणि शेजारच्या खुर्चीत बसलो. नानांनी पत्रिका आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी थोडा वेळ ती पेन्सिल फिरवत बसलो. वाटलं, एवढी एकदा सोडून द्यावी. मग लिहिलं, 'दुसऱ्या कडव्यात सूर सुटला. कवडी आहे.' नानांनी वाचून पत्रिका खिशात ठेवली.

सकाळी चहाच्या आधीच त्यांनी अंघोळ करून टोपी घातली, आतल्या खोलीतून निघून ओसरीवर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि पत्रिका हातात दिली, घरातल्या घरातसुद्धा. माझ्या दोन ओळींच्या खाली त्यांच्या अक्षरात एक शब्द लिहिलेला होता. 'बरं.'

तो गाण्याला नव्हता, प्रतीला होता, हे मला कळत होतं. तरी डोळे भरून आले. मी चहा आणतो म्हणून आत गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. बाहेर नाना पाय हलवत बसले होते, कुठल्या गाण्यावर ते त्यांनाच ठाऊक.