बंदूक न विकणारा माणूस

अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला मुलाच्या घराजवळ, इंडियन ग्रोसरीच्या रांगेतच बंदुकांचं दुकान आहे. बायको गेल्यावर दोन महिन्यांनी, मुलगा-सून कामावर असताना, मी तिथे गेलो. मला जगायचं नव्हतं. खरं तेच लिहितो.

काउंटरवर एक जाडजूड गोरा माणूस होता. जंगलात अडकलेल्यांसाठी असते तसली छोटी रायफल त्याने दाखवली. तिची नळी काढून दस्त्यात ठेवता येते. प्रत्येक भाग तो फडक्याने पुसून हळूच ठेवायचा.

"कशाला हवी, सर?"

"ससे मारायला," मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं.

"ससा सोलता येतो?"

मी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही.

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"बायको करायची," म्हटलं आणि मला रडू फुटलं.

त्याने रायफल काउंटरखाली ठेवून दिली. "ही तुम्हाला विकणार नाही. रागवा हवं तर. घरच्या कुणाला तरी फोन लावा."

मुलगा येईपर्यंत तो माझ्याशेजारी बाकावर बसला. गिऱ्हाइकं आली की हातानेच थांबा म्हणायचा. उपदेश काही केला नाही. एकदाच म्हणाला, "माझ्या भावाला बंदूक विकणाऱ्याने काहीच विचारलं नव्हतं."

मुलाला मी सगळं सांगितलं. आता डॉक्टरकडे जातो, गोळ्या घेतो. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं. सकाळचा चहा मी स्वतः करायला शिकलोय, आणि तो पिताना रोज त्याची आठवण काढतो.